नवी बॅटरी टाकली, तरी गाडी रात्रीच बंद का पडते?

ठाण्याच्या घोडबंदर रोडला राहणारे आणि नवी मुंबईत महापे, रबाळे, ऐरोलीकडे दुसऱ्या पाळीला जाणारे यांच्या तोंडून एकच तक्रार पुन्हा पुन्हा ऐकू येते. दिवसा गाडी ठणठणीत. रात्री परतताना कापूरबावडी ओलांडली की हेडलाइट पिवळट होतात, डॅशबोर्डवर एकामागून एक दिवे लागतात आणि गाडी बंद. सेल्फ मारला तर नुसतं टक-टक. क्रेन बोलवायची, सकाळी गॅरेजमध्ये बॅटरी बदलायची, मग काही महिने बरे जातात आणि पुन्हा तीच जागा, तीच वेळ. माझ्या गाडीनेही मला हे सगळं दाखवलं आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

अशा गाडीत बॅटरी बहुतेक वेळा मार खाणारी असते. मारणारा दुसराच असतो. आणि तो कोण, याचा पुरावा रात्री रस्त्यावरच मिळतो. सकाळी बॅटरी चार्ज झाली, गाडी एका सेल्फमध्ये सुरू झाली, की गॅरेजवाल्यालाही काही दिसत नाही. तेव्हा रात्री काय पाहायचं आणि सकाळी काय मोजून मागायचं, हे दोन्ही माहीत हवं.

आत्ता रस्त्यावर अडकला असाल तर

आधी माणसं, मग गाडी. इंजिन चालता चालता बंद पडलं तरी ब्रेक एक-दोन वेळा नेहमीसारखा लागतो, नंतर पेडल दगडासारखं होतं. म्हणून ब्रेक सारखा दाबत-सोडत बसू नका. स्टिअरिंग जड होईल पण वळेल. चावी काढू नका, नाहीतर स्टिअरिंग लॉक होतं. चारी इंडिकेटर लावून, उरलेल्या वेगात जमेल तेवढं डावीकडे या.

गाडी थांबली की सगळ्यांनी डाव्या दारातून उतरायचं आणि कठड्यापलीकडे किंवा फुटपाथवर जायचं. गाडीच्या पुढे उभं राहू नका. मागून कुणी ठोकलं तर गाडी पुढेच ढकलली जाते. जिकडून वाहनं येतात त्या बाजूला, पण रस्त्याच्या बाहेर उभं राहा. बॉनेट उघडून मोबाइलच्या उजेडात सगळ्यांनी डोकं घालून उभं राहणं ही आपल्याकडची फार जुनी आणि फार धोक्याची सवय आहे. गाडी मधल्या लेनमध्ये अडकली असेल आणि उतरणंच शक्य नसेल, तर बेल्ट लावून आत बसा आणि ११२ लावा.

त्रिकोण डिक्कीत असतो, पण लोक तो गाडीच्या दहा पावलांवर ठेवतात. साठच्या वेगाने येणारा ट्रक सेकंदाला साधारण १७ मीटर कापतो. त्रिकोण ५० मीटर मागे असेल तर चालकाला तीन सेकंद मिळतात. दहा पावलांवर असेल तर अर्धा सेकंदही मिळत नाही. साठ-सत्तर पावलं मागे जा, कडेकडेने, येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून. गायमुखच्या घाटात किंवा मुंब्रा बायपासच्या वळणावर तो वळणाच्या अलीकडे ठेवायचा, वळण संपल्यावर नव्हे. चालायला कडेला जागाच नसेल, तर त्रिकोणाचा नाद सोडा.

मागे दगड मांडून ठेवायची पद्धत मात्र कृपा करून बंद करा. गाडी निघून जाते, दगड तिथेच राहतात, आणि तासाभराने एखादा दुचाकीवाला त्यांवर आदळतो.

पत्ता सांगणं हे अर्धं काम

"घोडबंदर रोडला आहे" एवढ्यावर क्रेन येत नाही. माजिवड्याला पुलावर आहात की पुलाखाली, हे सांगितलं नाही तर क्रेनवाला चुकीच्या पातळीवर येतो आणि मग त्याला मोठा वळसा पडतो. मुख्य रस्ता की सर्व्हिस रोड, ठाण्याकडून बोरिवलीकडे की उलट, शेवटचा सिग्नल कोणता ओलांडला, एवढं एका दमात सांगा. जवळ मेट्रोचा किंवा विजेचा खांब असेल तर त्यावरचा नंबर वाचून दाखवा. मुंब्रा बायपासवर असाल तर मुंब्र्याकडून शिळफाट्याकडे की शिळफाट्याकडून, हे आधी. पाम बीच रोडवर आणि वाशीच्या खाडीपुलावर तर दिशा चुकली की मधे वळायला जागाच नसते.

१०३३ ही राष्ट्रीय महामार्गांची मदतवाहिनी आहे. मुंबई-नाशिक महामार्गावर ती कामाची. शहरातल्या रस्त्यावर गाडी वाहतुकीला अडथळा होत असेल तर ११२. पोलिसांची क्रेन आली तर ती गाडी बाजूला घेईल, तुमच्या गॅरेजपर्यंत नेणार नाही.

घरपोच किंवा गॅरेजपर्यंत नेण्यासाठी आधी विम्याचा कागद पाहा. त्यात रोडसाइड असिस्टन्स वेगळं घेतलेलं असेल तरच बंद पडलेल्या गाडीला ते लागू होतं. साध्या पॅकेज पॉलिसीत टोइंगचे जे १५०० रुपयांपर्यंत मिळतात, ते अपघातानंतरचे. गाडी वॉरंटीत असेल तर कंपनीची मदत अनेकदा त्यातच असते. फोन नंबर पॉलिसीवरचा किंवा गाडीच्या पुस्तकातलाच घ्या. रात्री घाईघाईत इंटरनेटवर शोधलेल्या "हेल्पलाइन" नंबरांमध्ये भामट्यांचा भरणा आहे. आधी पैसे पाठवा, ॲप टाका, ओटीपी सांगा, असं कुणी म्हणालं की फोन ठेवा.

न बोलावता आलेल्या क्रेनला मी नाही म्हणते. अगदीच पर्याय नसेल तर गाडी उचलण्याआधी पैसे आणि उतरवायची जागा ठरवा, क्रेनच्या नंबरप्लेटचा आणि आपल्या गाडीचा चारी बाजूंनी फोटो काढा आणि घरी पाठवा. क्रेनच्या केबिनमध्ये बसायला मन घेत नसेल तर बसू नका. भावाला, शेजाऱ्याला बोलवा किंवा रिक्षाने मागोमाग जा.

गाडी ऑटोमॅटिक, चारही चाकांना ताकद देणारी किंवा इलेक्ट्रिक असेल तर फोनवरच सांगा की फ्लॅटबेड हवी, म्हणजे पूर्ण गाडी वर चढवणारी. दोरीने टोचन करायला "दादा, फक्त घाट उतरवून देतो" असं कुणी म्हणेल, तरी ऑटोमॅटिकला नाही म्हणा. इंजिन बंद असताना गिअरबॉक्समध्ये तेल फिरत नाही आणि ती आतून खराब होते. पुढच्या चाकांवर चालणारी मॅन्युअल गाडी पुढून उचलून नेली तर चालते. टोचनाचा हूक टूलकिटमध्ये असतो आणि बंपरवरचं छोटं झाकण काढून पिळून बसवायचा असतो. हे दिवसा एकदा करून बघा. काही गाड्यांत त्याचे आटे उलटे असतात आणि रात्री दोन वाजता ते कळणं त्रासाचं आहे.

आणखी एक गोष्ट, जी कुणी सांगत नाही. गाडी घरी आणणार असाल तर क्रेन निघायच्या आधी सोसायटीच्या गेटवर फोन करा. फ्लॅटबेड पोडियमच्या रॅम्पवरून वर जात नाही, तळघरात तर नाहीच. वॉचमनकाकांना गेटजवळची पाहुण्यांची एक जागा मोकळी ठेवायला सांगा. नाहीतर रात्री गेटवर वाद, क्रेनवाला ताटकळतोय, वेटिंगचे पैसे वाढताहेत, असा प्रसंग ठरलेला.

क्रेन येईपर्यंत पाहून ठेवा

सुरक्षित जागी आलात, फोन झाला, आता आठवा: बंद पडण्याआधी काय दिसलं?

हेडलाइट हळूहळू मंद झाले, ब्लोअर धिमा पडला, म्युझिक सिस्टीम स्वतःहून बंद-चालू झाली, स्टिअरिंग जड झालं, ईपीएस (स्टिअरिंग) आणि एबीएसचे (ब्रेक) दिवे लागले, मग इंजिन बंद: हे चार्जिंगचं दुखणं आहे, म्हणजे चालत्या गाडीत बॅटरी भरली जात नाहीये. या क्रमाने झालं असेल तर जवळजवळ खात्रीने.

दिवे झगझगीत होते आणि इंजिन अचानक, एका क्षणात बंद झालं. अर्ध्या तासाने थंड झाल्यावर जणू काही झालंच नाही अशी सुरू झाली. इथे बॅटरीचा काही संबंध नाही. इंजिनाच्या फिरण्याची खबर देणारा क्रँक सेन्सर किंवा पेट्रोल पंप गरम झाल्यावर दगा देतोय. सीएनजी गाडी असेल तर बटण पेट्रोलवर करून पाहा. आणि गॅसचा वास येत असेल तर काहीही सुरू न करता सगळ्यांना लांब घेऊन जा.

तापमानाचा काटा वर गेला होता? मग रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, निदान अर्धा-पाऊण तास तरी. पंखा फिरत होता का, एवढंच लक्षात ठेवा.

सेल्फ मारल्यावर टक-टक आवाज आणि दिवे विझल्यासारखे होतात, की दिवे छान आहेत आणि आवाजच नाही? पहिल्यात वीज कमी आहे. दुसऱ्यात स्टार्टर, त्याचा रिले किंवा ऑटोमॅटिकमध्ये गिअरचा स्विच. बॅटरीचं टर्मिनल हाताने फिरतं का तेही पाहा. फिरत असेल तर ते ढिलं आहे आणि कदाचित एवढंच घट्ट केल्यावर तुम्ही घरी जाल.

दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून आपली सुरू करायला जंप केबल मिळाली तर लाल आधी उतरलेल्या बॅटरीच्या अधिकला, मग चांगल्या बॅटरीच्या अधिकला. काळी चांगल्या बॅटरीच्या उण्याला आणि तिचं शेवटचं टोक आपल्या इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर. आता खरी परीक्षा: गाडी सुरू झाली, केबल काढल्या, पुढे काय झालं? काही मिनिटांत पुन्हा मेली तर चार्जिंग होत नाही. व्यवस्थित घरी आली आणि दोन दिवस उभी राहिल्यावर सुरू झाली नाही, तर कुणीतरी उभ्या गाडीतून वीज पितंय.

हे सगळं मोबाइलवर बोलून किंवा व्हिडिओ काढून ठेवा, डॅशबोर्डच्या दिव्यांसकट. गॅरेजला "रात्री बंद पडली" सांगण्यात आणि हा व्हिडिओ दाखवण्यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

रात्रीच का?

हिशेब साधा आहे. छोट्या पेट्रोल गाडीचं इंजिन चालू ठेवायला, म्हणजे ईसीयू (इंजिनाचा संगणक), पेट्रोल पंप, इग्निशन यांना, १० ते १५ अँपिअर लागतात. ५५ वॉटचे दोन साधे हेडलाइट म्हणजे साधारण ९ अँपिअर. मागचे दिवे आणि डॅशबोर्ड दोन-तीन. ब्लोअर पूर्ण असेल तर १५ च्या आसपास, रेडिएटरचा पंखा तेवढाच, पावसात वायपर आणखी चार-पाच. बेरीज पन्नासच्या घरात जाते. अशा गाडीचा अल्टरनेटर, म्हणजे इंजिनाच्या जोरावर वीज बनवून बॅटरी भरणारं यंत्र, ६५-७५ अँपिअरचा असतो, पण तो आकडा इंजिन वेगात फिरताना. गाडी जागेवर उभी असताना तो जेमतेम अर्धं देतो.

आता घोडबंदर रोडची रात्र आठवा. ठाण्यात अवजड वाहनांना दिवसा वेळेची बंधनं आहेत, त्यामुळे रात्री कंटेनर आणि ट्रक एकदम रस्त्यावर येतात, आणि गायमुखला रांग लागली की मानपाडा-पातलीपाड्यापर्यंत गाड्या रांगत असतात. हेडलाइट चालू, एसी चालू, इंजिन मात्र आयडलवर, म्हणजे जागच्या जागी मंद फिरतंय. चांगला अल्टरनेटरही इथे काठावर असतो. ज्याचे आतले कार्बन ब्रश घासलेत किंवा त्याला फिरवणारा पट्टा ढिला आहे, तो तोटा बॅटरीतून भरतो. दिवसा मोकळ्या रस्त्यावर हीच गाडी हसत धावते.

आणि इथेच नव्या बॅटरीचा फेरा सुरू होतो. रोज अर्धवट चार्ज राहणाऱ्या बॅटरीच्या पट्ट्यांवर सल्फेट साचतं आणि ती काही महिन्यांत खरोखरच खराब होते. मग गॅरेजमध्ये टेस्टर लावला की "बॅटरी खराब" असंच येतं. टेस्टर खोटं बोलत नाही. ती का खराब झाली, हे तो सांगत नाही एवढंच.

सकाळी मोजून घ्या

डिजिटल मल्टिमीटर काहीशे रुपयांना मिळतो. नाहीतर चांगला वायरमन गाठा आणि हे आकडे मागा.

गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरीवर १२.६ च्या आसपास व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली म्हणजे रिकामीच. सेल्फ मारताना आकडा ९.६ च्या खाली जाऊ नये. इंजिन चालू केल्यावर १३.८ ते १४.४ हवेत. मग हेडलाइट, ब्लोअर पूर्ण, मागच्या काचेचा हीटर सगळं लावून, आयडलवरच, पुन्हा मोजा. हीच तुमची घोडबंदर रोडची रात्र आहे आणि नेमकी हीच चाचणी बहुतेक ठिकाणी होत नाही. इथे १३ च्या खाली घसरलं की चोर सापडायला सुरुवात झाली. काही नव्या गाड्या चार्जिंग मुद्दाम कमी-जास्त करतात, म्हणून असा लोड, म्हणजे वीज खाणारं सगळं, लावूनच निष्कर्ष काढा.

इंजिन चालू असताना बॅटरीचं टर्मिनल काढून "अल्टरनेटर चेक" करणारे मेकॅनिक अजूनही आहेत. त्यांना हात लावू देऊ नका. व्होल्टेजचा एक झटका ईसीयू घेऊन जातो आणि तो बॅटरीच्या कितीतरी पट महाग असतो.

माझ्या गाडीचा अल्टरनेटर बदला असं एका गॅरेजने सांगितलं होतं. मी गाडी कळव्याच्या एका वायरमनकडे नेली. त्याने सगळे दिवे लावले आणि अल्टरनेटरवरच मीटर धरला: १४.२. मग बॅटरीवर: १३.१. "ताई, माल बनतोय, पण पोचत नाहीये," तो म्हणाला. काळी पिन बॅटरीच्या उण्यावर, लाल पिन इंजिनाच्या नटावर: ०.९. तिथे ०.२ च्या वर काही येता कामा नये. एअर फिल्टर उचलून त्याने खालची अर्थिंगची, म्हणजे इंजिनाला बॅटरीच्या उण्याशी जोडणारी पट्टी सोडवली. विणलेल्या तांब्याची, बोटभर रुंद. बाहेरून काळपट दिसत होती. टोकाच्या लगला (नट बसतो ती कडी) जिथे दाबलेली, तिथे हिरवी भुकटी. त्याने ती दोन बोटांत धरून वाकवली आणि तारा मोडून तळहातावर पडल्या.

खाडीकाठची दमट हवा आणि पावसाळ्यात विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली साचणारं पाणी, यातून रोज जाणाऱ्या गाडीचं हे ठरलेलं दुखणं आहे. नवी पट्टी, दोन्ही टोकांना धातू चकाकेपर्यंत घासून, वर थोडं व्हॅसलीन. मीटर पुन्हा लावला तेव्हा बॅटरीवर १३.९ होते. अल्टरनेटर आजही तोच आहे. म्हणून माझा आग्रह आहे की अल्टरनेटरचं बिल करण्याआधी हा ०.२ व्होल्टचा तपास करून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे.

तो तपास बरोबर आला तर मग पट्टा, कार्बन, रेग्युलेटर (जुने मेकॅनिक त्याला कटआउट म्हणतात) आणि आतले डायोड. डायोड गळत असेल तर गाडी उभी असतानाही बॅटरी उतरते. चावी ऑन केल्यावर, इंजिन सुरू करण्याआधी, बॅटरीचा लाल दिवा लागतो ना, हेही पाहा. बऱ्याच जुन्या गाड्यांत त्या दिव्याची वायर तुटली असेल तर अल्टरनेटर जागाच होत नाही आणि धोक्याचा दिवाही लागत नाही.

उभ्या गाडीतून वीज जात असेल तर अँपिअर मोजणं आलं. गाडी लॉक करून अर्धा तास थांबायचं, म्हणजे आतले संगणक झोपतात, आणि मग ५० मिलिअँपिअरच्या आत आकडा हवा. ३०० मिलिअँपिअर जात असतील तर दिवसाला सात अँपिअर-तास होतात, आणि ३५ अँपिअर-तासांची बॅटरी शनिवार-रविवार उभ्या गाडीत अर्धी होते. बाहेरून बसवलेला डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर, ॲम्प्लिफायर आधी काढून बघा. नंतर एकेक फ्यूज.

लाल दिवा लागला, पण गाडी अजून चालते आहे

इंजिन चालू असताना बॅटरीचा दिवा लागला तर ती उलटी गिनती समजा. एसी, ब्लोअर, म्युझिक, चार्जर बंद. हेडलाइट मात्र बंद करायचे नाहीत, कितीही मोह झाला तरी. इंजिन बंद करू नका, पुन्हा सुरू होणार नाही. एवढं केल्यावर लोड २५ अँपिअरच्या आसपास येतो. बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर कागदावर तास-सव्वा तास मिळतो, अर्धी असेल तर अर्धा. बॅटरी कशी आहे हे तुम्हाला ठाऊक नसतं, म्हणून अर्धा तासच धरा. त्याच वेळी काटा वर जात असेल तर पट्टाच तुटला आहे, पाण्याचा पंपही थांबला असेल. मग लगेच थांबा.

लोड कमी करूनही वाट निवडावी लागते. महाप्याहून निघाल्यावर दिघ्याजवळ दिवा लागला तर कळव्यात, ठाण्यात थांबा. तिथे उजेड आहे, माणसं आहेत, रिक्षा मिळते. माजिवड्याला पूल न चढता खालून जा. पुढे रांग लागलेली दिसत असेल तर रांगेत शिरण्याआधीच उघड्या पेट्रोल पंपावर गाडी घ्या, पंपवाल्या दादांना सांगून एका कडेला लावा आणि तिथून क्रेनला फोन करा.